कणीची हजेरी

नांदेड,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुगत यास,

अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. विनंती विशेष.

तुझ्या ‘क्षारवंशा’च्या चौथ्या खंडाची पहिली एकशे वीस पानं एसटीच्या पार्सलने परवा मिळाली. तपासते आहे, झाली की परत पाठवते. गठ्ठ्यातल्या चिठ्ठीवर तू नुसतं ‘स. ज. वि. वि.’ लिहिलंस. थोरल्या बहिणीला सविनय जयभीम पूर्ण लिहायला तुझी शाई पुरत नाही आणि राजा धारेशच्या मुकुटाला मात्र दीड पान पुरते. असो. फोनवर का बोलत नाहीस असं विचारलंयस. फोनवर तू ‘हं’ म्हणतोस. कागदावर नुसतं हं लिहून पाठवायला माणूस लाजतो, म्हणून मी पत्रच घालणार.

तुला ठाऊक आहे, अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवल्याने मला हजेरीशिवाय काही सुचत नाही. तुझ्या प्रत्येक खंडाचा मी हजेरीपट ठेवते. जिवंत पात्रापुढे ‘ह’, मेलेल्यावर तांबडी रेघ. तीन खंडांत तू एकशे चौदा माणसं मारलीस. त्यातली नव्वद तरी त्या शापापायी. तुझ्या घराण्यातला माणूस रडला की मिठाचा पुतळा होतो, आणि तुझ्या घराण्यात रडण्यासारखं तू दर सहा पानांना काहीतरी घडवतोस. एवढ्या मिठात अख्ख्या हदगाव तालुक्याचं लोणचं मुरेल. चौथ्या खंडाला माणसं कुठून आणणार ही चिंता तुझी.

माझी चिंता वेगळी आहे. पट नव्याने मांडताना एक नाव सापडलं, ज्याच्यापुढे ‘ह’ही नाही आणि रेघही नाही. कणी. धाकट्या राणीची मुलगी, वय पाच. पहिला खंड, पान दोनशे बारा. तिची आई मिठाची होते. राजा धारेश पोरीला वेशीबाहेरच्या बाजारात पाणपोईपाशी उभी करतो, आंधळ्या घोडीचा लगाम तिच्या हातात देतो आणि सांगतो की लगाम धर, मी आलोच. मग तो किल्ल्याकडे जातो. त्यानंतर तीन लढाया, दोन स्वयंवरं, एक दुष्काळ. गोष्टीत सहा वर्षं गेली. कणीचं नाव नाही. गेली म्हणावं तर कुठे लिहिलेलं नाही, आहे म्हणावं तर तेही नाही.

माझ्या वर्गातलं पोर सात दिवस दिसलं नाही तर मला त्याच्या घरी जाऊन खुलासा घ्यावा लागतो. तुझ्याकडून घेते आहे. कणी कुठे आहे?

बाकी ठीक. आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात आणि आई बाराही महिने. समीक्षा बरी आहे. तिने कपाटातून तुझा पहिला खंड काढलाय. मी नको म्हणाले, नऊ वर्षांच्या पोरीने एवढी मढी मोजू नयेत. त्यावर ती म्हणाली की आत्या, पप्पा रोज काय करतात ते तरी कळेल. मग मी खंड तिच्या हातात राहू दिला.

लोभ आहेच. तो वाढवायचा की होता तेवढाच ठेवायचा, हे तुझ्या खुलाशावर ठरेल.

तुझी,
लुंबिनीताई

---

लातूर,
१५ फेब्रुवारी २०२५

आद. ताईस,

सविनय जयभीम, विनंती विशेष. (पूर्ण लिहिलं. शाई अजून आहे.)

खुलासा असा की कणीला मी विसरलो. उगीच कारणं देत बसत नाही. ताई, ती चार पानांची पोरगी आहे. राणी गेल्यावर वाचकाच्या घशात आवंढा यावा एवढंच तिचं काम होतं. आवंढा आला, काम झालं. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या बायका असतात ना, तशी असली माणसं महाकथेत लागतात. नवरदेव मांडवात गेल्यावर त्या बायांचं काय झालं हे कोणी विचारतं का? तू विचारशील, मला माहीत आहे. म्हणून तुला कोणी वरातीला बोलवत नाही.

इकडे प्रकाशक मल्लिनाथ रोज पाटबंधारे कार्यालयात येऊन माझ्या टेबलासमोर बसतात. साहेबांना वाटतं ते कालव्याच्या पाण्याच्या पाळीसाठी आलेत, म्हणून त्यांना चहाही मिळतो. त्यांचं म्हणणं, खंड जूनच्या आत निघाला पाहिजे आणि शेवटच्या लढाईत निम्मं घराणं तरी गेलं पाहिजे, वाचक त्याचीच वाट बघून राहिलेत. मी म्हणालो की निम्म्यासाठी आधी घराणं पुरतं उरलं पाहिजे. त्यांना विनोद कळला नाही. त्यांनी आकडा लिहून घेतला.

तर तुझ्या पटाचा सोपा उपाय. पान अठ्ठ्याऐंशीवर महामारीत गेलेल्यांची यादी आहे. तिच्या शेवटी ‘आणि पाणपोईवरची कणी’ एवढे तीन शब्द घाल. तांबडी रेघ मार. प्रकरण मिटलं.

समीक्षाला सांग, खंड हातावेगळा झाला की पप्पा येतात. गेल्या रविवारी फोन करायचा होता, पण नेमकं लढाईत सापडलो होतो. आईला, दाजींना जयभीम.

तांबड्या शाईचा लोभ जरा कमी व्हावा. बाकीचा आहे तसा असू दे.

तुझा,
सुगत

---

नांदेड,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सुगत यास,

आशीर्वाद व जयभीम. विनंती विशेष. विनंती कसली, तक्रारच आहे.

तुझे तीन शब्द मी घातले नाहीत. पान अठ्ठ्याऐंशीची यादी वाचली. चांगली लिहिलीस, तपासताना दोनदा उठून पाणी प्यायले. पण सुगत, आपण दोघांनी तसल्या यादीत नाव शोधलेलं आहे. दवाखान्याच्या फाटकावर तो माणूस कागद वाचून दाखवत होता आणि प्रज्ञाचं नाव खालून तिसरं होतं. यादीत कोण जातं हे मला माहीत आहे. पट साफ दिसावा म्हणून कोणी जात नाही.

आता तुला ठाऊक असलेलंच लिहिते, कारण तू विसरतोस हे तूच कबूल केलंयस. समीक्षाची आई जाऊन येत्या मार्चअखेरीस चार वर्षं होतील. समीक्षा तेव्हा पाच वर्षांची. तू तिला कापडी पिशवीत तीन फ्रॉक घालून माझ्याकडे आणलंस आणि दारातूनच म्हणालास की जयंती झाली की नेतो. चौदा एप्रिल आठ दिवसांवर होता, म्हणून मी कोणत्या वर्षाची जयंती ते विचारलं नाही. माझीच चूक. चार जयंत्या झाल्या, पाचवी येते आहे. तू मात्र दर दिवाळीला सुटी असूनही येतोस तो दुपारी येतोस आणि संध्याकाळच्या गाडीने खंड घेऊन पळतोस.

मी तिला कंटाळले असा अर्थ काढू नकोस. ती इथेच राहिली तर मला आनंदच आहे, आणि तुझ्या दाजींना तर तिच्याशिवाय चष्मा सापडत नाही. पण राहायची असेल तर तसं सांगून राहू दे. रोज लातूरच्या गाड्यांच्या वेळा पाठ करत राहू नये पोरीने.

ती कणीपर्यंत पोचली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. घोडीला चारा कोण घालतं? घोडी उभ्याने झोपते, पण कणी? नाकावर माशी बसली तर कणी कोणत्या हाताने हाकलते? पाणपोईवाला तिला ओळखतो का? मी म्हणाले, तुझ्या पप्पांच्या गोष्टीत पाणपोईवाला नाही, नुसती पाणपोई आहे. तिला ते अजिबात पटलं नाही. रांजण कोण भरतं मग, असं तिने विचारलं. तुझ्या कार्यालयात पाण्याचाच कारभार आहे, उत्तर असेल तर कळव.

मी पटावर कणीपुढे ‘गै’ लिहिलं होतं. तिने ते खोडून ‘ह’ केलं. म्हणाली की कणी गैरहजर नाही आत्या, ती सांगितलेल्या जागेवरच आहे. बाकीचेच गैरहजर आहेत.

आई हे सगळं ऐकत बाजेवर बसलेली. तिने तुला निरोप दिलाय, तो तिच्याच शब्दांत कळवते की पोरगी काय बोकड हाय का, दावणीला बांधून बाजार करून यावं म्हणायला. राजाचं म्हणते की तुझं, ते तिने सांगितलं नाही.

एक कामाची गोष्ट. जूनमध्ये समीक्षा पाचवीला नव्या शाळेत जाईल. इथल्या, नाहीतर लातूरच्या. इथल्या शाळेचा अर्ज दहा मेपर्यंत द्यायचा आहे. तिने तो स्वतः भरला, निळ्या पेनने, सुवाच्य. ‘पालकाचे नाव’ हा एकच रकाना पेन्सिलने भरलाय. खोडरबर शेजारी ठेवलंय.

कळावे. कळत असेल तर.

लुंबिनीताई

---

लातूर,
३० मार्च २०२५

आद. ताईस,

सविनय जयभीम, विनंती विशेष.

उत्तराला महिना लागला. दोनदा लिहून फाडलं. तुझ्यासमोर खोटं बोलता येत नाही आणि खरं लिहिलं की ते खंडातल्यासारखं दिसायला लागतं.

तू समजतेस तसं मला पोरगी नको आहे असं नाही. घरात मी एक पातेलं, एक ताट, एक तांब्या वापरतो. बाकीची भांडी प्रज्ञाने फळीवर लावून ठेवली होती, मोठ्यामागे लहान, तशीच आहेत. समीक्षा आली की दुसरं ताट काढावं लागेल. हसू नकोस. एकशे चौदा माणसं मारली, पण त्या फळीला हात लावायला अजून जमलं नाही. काय लिहितोस इतकं असं लोक विचारतात. मी सांगतो राजघराण्याचा ऱ्हास. कागदावर निदान घराणं तरी राजाचं असतं, घरी नुसता ऱ्हास असतो.

आणि समोर आलो की ती बघते. काही मागत नाही, बघते. तासाभरात मला गाडीची वेळ आठवते.

पण तुझं पत्र लागलं. आईचं तर जास्तच. कणीचं मी मनावर घेतलंय. मल्लिनाथ ओरडतायत, ओरडू देत, त्यांना मी सांगितलं की लढाई पंधरा दिवस थांबेल. समीक्षाला सांग की पप्पांनी ऐकलं. जयंतीच्या आधी, शुक्रवारी ११ तारखेला, लातूरहून साडेचारला नांदेडला पोचणारी गाडी असते, त्या गाडीवर तिला घेऊन ये. इतक्या वर्षांचं वचन त्या दिवशी पुरं होईल. काय ते आधी सांगू नकोस. तिचं तिला बघू दे.

चार वर्षं ओढून धरलेला लोभ अजून थोडे दिवस धर.

तुझा,
सुगत

---

नांदेड,
१३ एप्रिल २०२५

सुगत,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी उरले तर देईन.

शुक्रवारी काय झालं ते आधी ऐक. तू सांगू नकोस म्हणालास, मी सांगितलं नाही. शुक्रवारी लातूरच्या गाडीवर जायचंय, एवढंच म्हणाले. पण सकाळी मी तिच्या जयंतीच्या पांढऱ्या फ्रॉकला तीन दिवस आधीच इस्त्री केली. तुझ्या दाजींनी जाऊन मटण आणलं. आईने बाजेवरची चादर बदलली आणि तुझी जुनी उशी उन्हात टाकली. पोरांना पुस्तकं नंतर वाचता येतात, इस्त्री आधी वाचता येते.

चार वाजताच आम्ही स्टँडवर. ऊन असं की फलाटावरची कुत्रीसुद्धा सावली बघून भांडत होती. तिला रस घेऊन देते म्हटलं तर नको म्हणाली, फ्रॉकवर सांडेल. गाडी वीस मिनिटं उशिरा आली. ती दारापासून चार पावलांवर उभी राहिली आणि उतरणारी माणसं मोजत होती. सत्तावीस उतरली. एक बाई पोत्यासह, एक नवरा-नवरी, कोणाकोणाची सासरं-माहेरं. प्रत्येक पुरुष उतरताना ती टाचा उंचावत होती. अठ्ठाविसावा वाहक.

मग पार्सल घेणारा मडिवाळप्पा आला, आपल्याला ओळखतो तो, तुझे खंड वाहून त्याची पाठ वाकलीय. त्याने आवाज दिला की कुमारी समीक्षा सुगत कोण हाय. ती पुढे गेली. त्याने पाकीट दिलं आणि सही मागितली. तिने आयुष्यातली पहिली सही केली, पूर्ण नाव, ओळीवर. मग मडिवाळप्पाला विचारलं की याच्याबरोबर कोणी माणूस आला नाही का. तो बिचारा हसला, म्हणाला की बाई, माणूस आला तर पाकीट कशाला पाठवील.

सुगत, तू प्रकरण पाठवलंस.

रिक्षात तिने ते फोडलं. एकतीस पानं. ‘कणीची घरवापसी’. राजा धारेश चारशे स्वार, सोन्याची पालखी, सहा हत्ती घेऊन पाणपोईपाशी येतो. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. चांगलं लिहिलंस, हे सांगायला मला आत्ताही राग येतोय. तुझ्या चार खंडांत इतकं चांगलं काही नाही. पोरीला आणायला तू अख्खा राजा पाठवलास, आणि स्वतः लातुरात बसून तिकीट लावलंस ते पाकिटावर.

तुला खरंच वाटलं की वचन पुरं झालं? मला वाटतं, वाटलं. तेच भयंकर आहे. दुसरा कोणी असता तर मी त्याला लबाड म्हणून मोकळी झाले असते. तू पान संपवलंस, डोळे पुसलेस, आणि घरी पोचल्यासारखा झोपलास.

ती रडली नाही. घरी आल्यावर फ्रॉक काढून घडी घातली, मटण जेवली, तांबडं पेन मागितलं. मी दिलं. तपासून पाठवील, ते जपून वाच.

उद्याच्या मिरवणुकीत ती लेझीम खेळणार आहे. तुला कळवायचं होतं म्हणून नाही, माझ्या हातून लिहिलं गेलं.

आशीर्वाद उरलेले नाहीत. आईकडे असतील, तिला विचारते.

लुंबिनी

---

नांदेड,
२० एप्रिल २०२५

आदरणीय पप्पा,

सविनय जयभीम. मी बरी आहे. तुम्ही बरे असाल. आजी बरी आहे पण म्हणते बरी न्हाई.

तुमचं प्रकरण मी तपासलं. आत्याने मला तपासायच्या खुणा शिकवल्या आहेत. जिथे गोल केला तिथे चूक आहे. जिथे फुली केली ते काढून टाका. जिथे प्रश्नचिन्ह आहे तिथे तुम्ही उत्तर लिहायचं आणि परत पाठवायचं.

हत्ती सहाही काढून टाका. घोडी आंधळी आहे, हत्तींचा वास आला तर ती बुजेल आणि कणीच्या हातातून लगाम सुटेल. इतकी वर्षं सुटला नाही आणि तुमच्या हत्तींमुळे सुटला तर कणीला वाईट वाटेल.

पान सातवर राजा कणीला लांबून ओळखतो. बरं. पण कणी पण राजाला लगेच ओळखते, असं लिहिलंय. ते चूक आहे. ती पाच वर्षांची होती. तिला त्याचा आवाज आठवत असेल, तो पण फोनवरचा. (गोष्टीत फोन नाही. पण तुम्हाला कळलं.)

पान अकरा ते चौदा राजा माफी मागतो. लई मोठी आहे. मी एक ओळ ठेवली आणि बाकीची फुली केली. कणीला इतका वेळ उभं राहवत नाही, ती आधीच उभी आहे.

राजाने कणीला विचारलंच नाही की तुला यायचंय का. तिथे प्रश्नचिन्ह आहे.

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या पानावर आहे. राजा कणीला जवळ घेतो आणि रडतो आणि मिठाचा होतो. आत्या म्हणाली फार सुंदर शेवट आहे. मला नाही आवडला. तो आला आणि लगेच मिठाचा झाला, म्हणजे कणी परत एकटीच. पहिल्यासारखंच झालं. फक्त आता घोडीला चाटायला मीठ आहे.

तुम्ही म्हणाल की शापच आहे, रडलं की मीठ होतं. मग त्याने रडू नये. उभं राहावं. दुसरं काही करायची गरज नाही. कणीचा हात दुखत असेल, तर थोडा वेळ लगाम त्याने धरावा.

लेझीममध्ये मी पुढच्या रांगेत होते. विहारात उन्हाळी वर्ग सुरू झाला आहे, रोज साडेचार ते सहा. आतोबांनी मला त्यांची जुनी सायकल कमी उंचीची करून दिली आहे.

चुका दुरुस्त करून लवकर पाठवा. पार्सलने पाठवलं तरी चालेल. आता मला सही येते.

तुमची मुलगी,
समीक्षा

---

नांदेड, विहाराच्या फाटकासमोर,
३ मे २०२५

आद. ताईस,

सविनय जयभीम, विनंती विशेष.

अक्षर वाकडं आहे, कारण सायकलच्या सीटवर कागद ठेवून एका हाताने लिहितो आहे. दुसरा हात हँडलवर आहे. कागद म्हणजे पान अकरा, मागची बाजू. पुढच्या बाजूला माझी माफी आहे, समीक्षाच्या फुलीसकट.

दुपारच्या गाडीने निघालो. येतो म्हणून कळवलं नाही, कारण कळवणं हेच मला फार चांगलं जमतं. घरी पोचलो तर तू हदगावला प्रशिक्षणाला गेलेली, संध्याकाळी येशील असं कळलं. आईने दार उघडलं, मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं की पार्सल कुठंय. मी म्हणालो की मीच आलो. तिने दार पुरतं उघडलं, पण तिला घाई नव्हती.

समीक्षा वर्गाला निघाली होती. जयभीम म्हणाली. उंच झालीय ताई, दिवाळीला एवढी नव्हती, का मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मी वाटेत गाडीत पाठ केलेलं बोलायला लागलो. तिने मध्येच विचारलं की संध्याकाळची गाडी कितीची आहे. मी म्हणालो परतीचं तिकीट काढलेलं नाही. ती म्हणाली की एसटीत तिकीट आधी काढत नाहीत पप्पा, चढल्यावर काढतात. तुझ्यावर गेली आहे.

मग सायकल घेऊन निघाली. मी शेजारून चालत होतो. फाटकापाशी थांबली, हँडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाली की धरा, मी आलेच.

आणि आत गेली.

तेव्हा साडेचार वाजले होते. आता सहाला दहा कमी आहेत. सावली होती ती भिंतीपलीकडे गेली. समोरच्या रसवंतीवाल्याने, रामलिंग नाव त्याचं, तीनदा सांगितलं की साहेब, सायकलला स्टँड हाय, लावा आन इकडं सावलीत बसा. मी म्हणालो धरायला सांगितलंय. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही, रसाचा ग्लासच आणून दिला. पिताना लिहिणं थांबवलं, हँडल नाही.

सव्वा तासात बऱ्याच गोष्टी कळल्या. नाकावर माशी बसली की ती फुंकून उडवायची. पाय आळीपाळीने टेकायचे. ओळखीचं कोणी दिसलं की आपण सहज उभे आहोत असा चेहरा करायचा. रांजण कोण भरतं तेही कळलं, रामलिंगच भरतो, विहाराच्या दारातला, रोज दुपारी. पहिल्या खंडाच्या दुसऱ्या आवृत्तीत पाणपोईवर माणूस ठेवणार आहे. मल्लिनाथांना सांगितलं नाही अजून. कळलं तर त्यांना तोही लढाईत मारून हवा असेल.

ती दोनदा खिडकीत आली. हात हलवला नाही. मी आहे की नाही एवढं बघून गेली. ताई, तिने बघितलं आणि या वेळी मला कुठल्या गाडीची वेळ आठवली नाही. शर्टावर घामाचं मीठ पांढरं फुटलंय. बाकी मी शाबूत आहे.

तिला यायचंय का, हे विचारायचं आहे. नाही म्हणाली तर काय करायचं ते मला माहीत नाही. लातूरला काल दुसरं ताट फळीवरून काढून धुऊन ठेवलंय. ते तिथे वाट बघेल, मी इथे थांबेन. कार्यालयात पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलं, मी कालव्याचं कारण सांगितलं नाही.

हे पत्र पार्सलने येणार नाही, हातोहात देईन. तू वाचशील तेव्हा मी समोर बसलेला असेन, तर हवं ते बोल, मी हं म्हणणार नाही. आणि एक विनंती. तुझ्या हजेरीपटात माझं नाव नाही, मी कधी पात्रांत नव्हतो. सगळ्यात खाली, कणीच्या पुढच्या ओळीवर घाल. समीक्षाला विचारून घाल, आणि तिने चालेल म्हटलं तरी सध्या पेन्सिलने.

वर्ग सुटला. मुलं बाहेर येऊन राहिलीत. ती अजून आत आहे, चपला शोधते आहे, किंवा शोधत नाही.

लोभ मागत नाही. उभा आहे.

सुगत